तीन नंबरची नळी

बस चुकली म्हणून इथं आलो, हे आधीच कबूल करतो.
वहीत दुसऱ्याच गावांची नावं होती,
टेकडीवरचे किल्ले, कमानीची तळघरं, आगाऊ नोंदणी,
आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा,
जो पाहून मी रोज रात्री वही मिटायचो.

इथं किल्ला नाही.
वुल्तुरे आहे, विझलेला, गावाकडे पाठ करून बसलेला डोंगर,
आणि त्याच्या पायथ्याशी पत्र्याची एक शेड,
शेतकऱ्यांनी वर्गणी काढून बांधलेली.
आत भिंतीला चार नळ्या,
पेट्रोल पंपावर असतात तशाच,
चाप दाबला की आकडे फिरतात.
लिटरला एक युरो नव्वद.

इन्कोरोनाता चष्मा कपाळावर सरकवून
समोरच्या माणसाचा कॅन हुंगते.
‘यात तेल होतं, रोक्को.’
‘दोनदा धुतलाय.’
‘तिसऱ्यांदा धू.’
सत्तरी उलटलेला रोक्को निमूट मागच्या मोरीकडे जातो.
रांग थांबते. कुणी कुरकुरत नाही.

मी विचारतो, इथली सगळ्यात चांगली बाटली कोणती?
ती आधी माझे बूट बघते, मग वही.
‘बाटली?’
जणू मी औषधाचं दुकान विचारलं.
काचेचा बुटका पेला घेते,
तीन नंबरचा चाप निमिषभर दाबते.

आल्यानिको. काळपट.
आधी काहीच नाही.
मग जांभळं खाल्ल्यावर बसते तशी जीभ बसली,
मग थोडी राख,
मग उन्हात तापलेला दगड
कुणी विहिरीत सोडावा, तसं काहीतरी
घशाखाली उतरत गेलं आणि बराच वेळ उतरत राहिलं.
वहीत लिहायला गेलो,
एवढंच लिहिलं: तीन नंबर.

‘पूर्वी इथून रात्रीचे टँकर जायचे,’
रोक्को मोरीवरून ओरडून सांगतो,
‘उत्तरेकडच्या फिकट वाइनला रंग चढवायला.
अंग आमचं, आडनाव त्यांचं.’
‘पूर्वी?’ इन्कोरोनाता म्हणते,
आणि पेला पुसायला घेते. तो कोरडाच असतो.

तिचा मुलगा सावेरिओ तोरिनोत लिफ्ट दुरुस्त करतो.
गेल्या नाताळात येताना बाटली घेऊन आला,
लाकडी खोक्यात, भुश्यावर निजवलेली,
सोनेरी अक्षरं, अठ्ठावीस युरो,
ती किंमत त्यानं खरवडली होती, पण नीट नाही.
आईला एकदा काहीतरी भारी पाजायचं होतं त्याला.
चांगले पेलेसुद्धा त्यानंच शोधले, कपाटात सगळ्यात वर असलेले.

पहिला घोट तिनं तोंडात धरून ठेवला.
चाळीस वर्षं जो चाप दाबला
त्याची चव चुकते का?

पाण्याचा नळ थांबतो. रोक्कोलाही हे नवीन असावं.
‘मग सांगितलंस त्याला?’
‘काय सांगू?
दोनदा विचारलं त्यानं, आवडली का.
म्हटलं, सावे, अशी मी जन्मात प्यायले नव्हते.’

जरा थांबून:
‘खोकं मजबूत आहे. कांदे ठेवते त्यात.’

माझ्याकडे पाण्याची दीड लिटरची बाटली होती.
तिनं हुंगली. मान हलवली, चालेल.
दोन पंच्याऐंशी.
तीन युरो दिले, तर पंधरा सेंट
एकेक नाणं काउंटरवर वाजवून परत केले,
आणि झाकणावर पेननं ३ लिहिलं,
मी विसरेन म्हणून, की मी कुठंतरी
ही दुसऱ्याच नावानं ओतेन म्हणून, कोण जाणे.

पुढची बस साडेचारला.
वहीतली गावं त्याच रस्त्यावर होती, पुढे.
दारातून मागे पाहिलं तर
रोक्को कॅन निथळत घेऊन परत आला होता
आणि तिनं नाक पुन्हा आत घातलं होतं,
डोळे मिटून,
घाई नसल्यासारखं.